घरच्या घरी दाढी-कटिंग आणि बाबासाहेब आंबेडकर : एका साध्या कामाची मोठी गोष्ट

आमच्या ग्रुपवर हल्ली मोबाईलपेक्षा ट्रिमरचे प्रश्न जास्त येतात. कोणता घेऊ? किती एमएमवर लावू? गळ्याची लाईन कुठे काढू? मी इंदापूर तालुक्यातला, शिकायला बारामतीत. आमच्या रूमवर चार जण आहेत आणि ट्रिमर एकच. घरी दाढी करायची आमची कारणं साधी आहेत. पैसे वाचतात, रविवारी सलूनमध्ये नंबर लागत नाही आणि लग्नाच्या सीझनमध्ये तर विचारूच नका. थोडक्यात, घरी करायची की सलूनमध्ये, हे आपण आपल्या सोयीने ठरवतो.

आज मी ज्यांच्या आयुष्याबद्दल लिहितोय, त्यांच्याही घरी केस घरीच कापले जायचे. त्यांच्या घरात मात्र हे सोयीने ठरलेलं नव्हतं. गावात न्हावी होते आणि द्यायला पैसेही होते, तरी केस कापून मिळत नव्हते. बाबासाहेबांचं चरित्र तुम्ही शाळेत वाचलं असेल. मी ते दाढी-कटिंगच्या बाजूने सांगणार आहे, कारण ही बाजू पाठ्यपुस्तकात फारशी येत नाही.

आधी ट्रिमर काम कसं करतो ते बघूया

ट्रिमरच्या तोंडाला दातेरी अशी दोन पाती असतात. खालचं पातं स्थिर असतं आणि वरचं डावी-उजवीकडे वेगाने सरकतं. केस दोन दातांच्या मधे सापडला की कात्रीत सापडल्यासारखा कापला जातो. आतली छोटी मोटर गोल फिरते. तिच्या टोकाला किंचित बाजूला बसवलेली खिट्टी असते, ती त्या गोल फिरण्याचं आडव्या हालचालीत रूपांतर करते. वर लावायची प्लास्टिकची कंगवी पात्याला त्वचेपासून ठरावीक अंतरावर ठेवते. ३ एमएम, ५ एमएम म्हणजे तेच अंतर. बस, एवढंच तंत्र आहे.

म्हणजे केस कापायला फार मोठं यंत्र कधीच लागत नव्हतं. एक धार, एक हात आणि समोरच्याच्या डोक्याला हात लावायची तयारी असली की झालं. साताऱ्यात कमी पडली ती ही तयारी.

साताऱ्यातलं घर

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, मध्य प्रदेशातल्या महू इथला. वडील रामजी मालोजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. सैन्यातली नोकरी संपल्यावर हे कुटुंब पुढे साताऱ्यात आलं. आई भीमाबाई इथेच गेल्या, तेव्हा भीमराव अगदी लहान होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. आज तीच शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. बारामतीहून फलटणमार्गे निघालं की सातारा काही लांब नाही. कधी गेलात तर शाळा बघून या.

शाळेत हा मुलगा वर्गात वेगळा बसायचा, घरून आणलेल्या गोणपाटावर. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपाई नळ सोडेल तेव्हा प्यायचं, शिपाई नसेल तर तहानलेलं राहायचं.

घरी आल्यावरही हे संपत नव्हतं. साताऱ्यात धोबी होते, पण घरातले कपडे बहिणी धुवायच्या. न्हावी होते, पण भावांचे केस मोठी बहीण कापायची. बाबासाहेबांनी पुढे हे स्वतः इंग्रजीत लिहून ठेवलं आहे आणि कारणही स्पष्ट सांगितलं आहे. महाराचे केस कापायला एकही न्हावी तयार नव्हता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. यात एकट्या न्हाव्याला दोष देऊन भागत नाही. बलुतेदारीत नाभिकाला गावाकडून वर्षाचं धान्य मिळायचं. त्याने महारवाड्यात वस्तरा चालवला असता तर बाकीच्या गावाने त्याला दारात उभं केलं नसतं. म्हणजे तोही त्याच दोरीने बांधलेला होता. आणि हाच समाज वेळ आल्यावर उभाही राहिला. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता. व्यवस्था मोडायची ताकद त्याच हातांत होती. साताऱ्यात मात्र ती पोचली नव्हती.

न वाचलेलं पत्र

१९०१ च्या सुमाराची गोष्ट. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांनी मुलांना सुट्टीत बोलावलं. भीमराव तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. ते, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुलं नवे कपडे घालून मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणीच आलं नव्हतं. मुलांनी येतोय म्हणून पत्र पाठवलं होतं. ते पोचलंही होतं, पण घरच्या नोकराने वडिलांना द्यायचं विसरून टाकलं. आपल्या भाषेत सांगायचं तर मेसेज डिलिव्हर झाला, पण ज्याच्यासाठी होता त्याने तो बघितलाच नाही.

मुलांचे चांगले कपडे बघून स्टेशनमास्तर आधी नीट बोलला. मुलांनी जात सांगितल्यावर त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, तेही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. बरोबर जेवण होतं, पण पाण्यावाचून ते तसंच राहिलं.

बाबासाहेबांनी लिहिलंय की शाळेतलं वेगळं बसणं, न्हाव्याचा नकार हे सगळं त्यांना आधीपासून माहीत होतं, पण अंगवळणी पडलं होतं. या प्रवासाने त्या सगळ्याकडे पहिल्यांदा नीट बघायला लावलं.

त्याच वर्षांत जगात काय चाललं होतं?

आता तंत्रज्ञानाची बाजू बघू, कारण तारखा जुळवल्या की गंमत कळते.

- १९०१ : अमेरिकेत बोस्टनमध्ये किंग जिलेटने आपली सेफ्टी रेझरची कंपनी काढली. १९०३ मध्ये विक्री झाली फक्त ५१ रेझरची. पण कल्पना मोठी होती. न्हाव्याकडे न जाता घरी, स्वतःची दाढी स्वतः करायची.
- १९१९ : अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्यात स्टर्लिंग गावच्या लिओ वॉलने हातात मावणाऱ्या विजेच्या क्लिपरसाठी पेटंटचा अर्ज केला. आजच्या ट्रिमरचा तो आजोबा. त्याच वर्षी इकडे मुंबईत तरुण आंबेडकर साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन अस्पृश्यांसाठी मताचा आणि प्रतिनिधित्वाचा हक्क मागत होते.

याच्याही आधी दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्याने गांधीजींचे केस कापायला नकार दिला होता. गांधीजींनी दुकानातून हाताचं क्लिपर आणलं आणि आरशासमोर स्वतःच केस कापले. पुढचे बरे जमले, मागचे बिघडले आणि कोर्टातले मित्र हसले. नंतर त्यांना त्या न्हाव्याचा राग आला नाही, कारण आपल्या देशात आपणही अस्पृश्यांना हेच करतो, हे त्यांना दिसत होतं.

म्हणजे नकार मिळाला की माणूस अवजार घेतो. एकट्यापुरता प्रश्न सुटतो. पण बाकीच्यांचं काय?

न्यूयॉर्क, लंडन आणि पुन्हा बडोदा

भीमराव १९०७ मध्ये मॅट्रिक झाले आणि १९१२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून १९१६ मध्ये लंडन. परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे मनातून पार पुसलं गेलं होतं, असं त्यांनी नोंदवलं आहे.

१९१७ मध्ये करारानुसार नोकरीसाठी ते बडोद्याला परतले, तेव्हा ते सगळं परत समोर आलं. हातात कोलंबियाची पदवी, पण राहायला खोली मिळेना. शेवटी नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत राहिले. खरं कळल्यावर काठ्या घेतलेली माणसं आली आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. बहिणीने घरी केस कापून साताऱ्यातली अडचण भागवली होती. बडोद्यात कोणतंच घरगुती उत्तर नव्हतं.

पुढचा प्रवास तुम्हाला माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. १९२० मध्ये 'मूकनायक'. त्यानंतर लंडनची डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा. २० मार्च १९२७ ला महाडचं चवदार तळं. १९३० ला नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह. १९३२ ला येरवड्यात पुणे करार. ऑगस्ट १९४७ मध्ये संविधानाच्या मसुदा समितीचं अध्यक्षपद.

संविधानातला 'दुकान' हा शब्द

या लेखाचा खरा मुद्दा हा आहे.

नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत समतेच्या कलमावर चर्चा चालू होती. आज ते कलम १५ आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं अशा ठिकाणी कोणाला अडवता येणार नाही, असं त्यात आहे. तेव्हा सभागृहात विचारणा झाली की दुकान म्हणजे नेमकं काय? कपडे धुण्याची लाँड्री किंवा दाढी-कटिंगचं सलून त्यात येतं का?

बाबासाहेबांचं उत्तर असं होतं की दुकान हा शब्द इथे मोठ्या अर्थाने घेतला आहे. जिथे मालक येणाऱ्या कोणालाही आपली सेवा द्यायला बसला आहे, ते दुकान. आणि हक्क फक्त आत पाय टाकण्यापुरता नाही. अटी मान्य असतील तर सेवाही मिळाली पाहिजे.

लाँड्री आणि सलून. साताऱ्याच्या घरात बहिणी जी दोन कामं करत होत्या, नेमकी तीच दोन. उत्तर देताना त्यांना ते घर आठवलं असेल का, हे मी सांगू शकत नाही. पण ज्या मुलाला न्हाव्याने शिवलं नाही, त्यानेच देशाच्या कायद्यात सलूनचा दरवाजा उघडला, एवढं नक्की.

त्याच कलमासोबत कलम १७ ने अस्पृश्यता बंद केली. २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं. १९५५ मध्ये अस्पृश्यता (अपराध) कायदा आला, आता त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा. अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणं हा त्यात गुन्हा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचं निधन झालं.

बालपणीच्या या आठवणींच्या नोंदी त्यांच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने त्या १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने काढल्या. छोटं पुस्तक आहे, फोनवर एका बैठकीत वाचून होतं.

आता तुमच्या ट्रिमरकडे वळू

- दाढी कोरडी असताना विंचरून घ्या. ओले केस लांब दिसतात आणि अंदाज चुकतो.
- आधी मोठी कंगवी लावा, मग एकेक नंबर खाली या. कापलेला केस परत चिकटत नाही.
- गळ्याची लाईन कंठमण्याच्या साधारण दोन बोटं वर ठेवा. जबड्यावर लाईन घेतली तर चेहरा फुगीर दिसतो.
- गालावर कंगवीशिवाय पातं लावताना आधी एक बाजू पूर्ण करू नका. थोडं इकडे, थोडं तिकडे, आरशात बघत करा.
- झाल्यावर ब्रशने केस झाडा आणि पात्यावर तेलाचा एक थेंब टाका. 'वॉशेबल' लिहिलं नसेल तर नळाखाली धरू नका.
- रूमवर एकच ट्रिमर असेल तर प्रत्येकाने वापरल्यावर पातं साफ करा, नाहीतर त्वचेचा संसर्ग एकाचा दुसऱ्याला जातो.

घरी करा किंवा कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जा, मजा दोन्हीत आहे. फक्त एक बघा. तुम्ही बसता त्या खुर्चीवर तुमच्या गावातला प्रत्येक जण बसू शकतो ना? कोणत्या गावात अमक्याची कटिंग करत नाहीत अशा बातम्या आजही येतात. तसं काही दिसलं तर गप्प बसू नका. फोन हातात आहे, कायदा पाठीशी आहे आणि तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.

माहिती आवडली तर मित्रांना पाठवा. पुढच्या लेखात ट्रिमरची बॅटरी लवकर का उतरते ते बघूया.