पोलादाचा व्यापार करणाऱ्या के. सी. महिंद्रांनी माझगावात जीप आणली, कारण त्यांनी आधी रस्ता बघितला

नवी फोर बाय फोर घेतली की काय होतं? आधी मोठे टायर येतात, मग बंपर, मग छतावर लाइटची पट्टी. गाडी भारी दिसायला लागते. पण परळच्या पेव्हर ब्लॉकवरून गेली की मागे बसलेल्यांची कंबर धरते. मग गॅरेजवाला म्हणतो शॉकअप बदला, आणि आपण दुकानात जाऊन सगळ्यात महाग शॉकअप मागतो.

इथंच गणित चुकतं. आधी रस्ता बघायचा आणि मग त्याला चालेल ते यंत्र निवडायचं, असं उलट गणित एका माणसानं मुंबईत मांडलं होतं. त्यातूनच भारताला जीप मिळाली. त्यांचं नाव कैलाशचंद्र महिंद्रा, म्हणजे के. सी. महिंद्रा.

के. सी. यांचा जन्म १८९४ चा, लुधियानाचा. घरात नऊ भावंडं. वडील लवकर गेले आणि घराचा भार थोरले भाऊ जगदीशचंद्र, म्हणजे जे. सी. यांच्यावर आला. जे. सी. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकून इंजिनीअर झाले. आज माटुंग्यात असलेली ही संस्था १९२३ पर्यंत भायखळ्यात होती. भावंडांचं शिक्षण थांबता कामा नये यावर जे. सी. ठाम होते. त्यांनी के. सी. यांना थेट केंब्रिजला पाठवलं.

तिथून परतल्यावर के. सी. कलकत्त्याच्या मार्टिन कंपनीत लागले. त्या कंपनीचे सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांचं चरित्रही त्यांनी पुढे लिहिलं. तिकडे जे. सी. टाटा स्टीलमध्ये विक्रीची मोठी जबाबदारी सांभाळत होते. दुसऱ्या महायुद्धात पोलादाची टंचाई झाली, तेव्हा सरकारनं त्यांना देशाचे पहिले स्टील कंट्रोलर नेमलं.

के. सी. यांच्या आयुष्याला वळण मिळालं ते १९४२ मध्ये. भारतासाठी युद्धकाळात लागणाऱ्या मालाच्या खरेदीचे प्रमुख म्हणून ते अमेरिकेला गेले. तिथं त्यांची गाठ बार्नी रूस यांच्याशी पडली. विलीज कंपनीच्या जीपला ६० हॉर्सपॉवरचं दणकट इंजिन देणारा हा इंजिनीअर. युद्धात अशा सहा लाखांहून जास्त जीप तयार झाल्या. चिखल, वाळू, डोंगर, जिथं रस्ता संपतो तिथून पुढे ही गाडी जायची.

के. सी. यांच्या डोक्यात लगेच आपल्याकडचे कच्चे रस्ते आले. युद्धात टिकलेली गाडी आपल्या खेड्यापाड्यांतही टिकेल, हा त्यांचा हिशोब होता.

२ ऑक्टोबर १९४५ रोजी दोघा भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत मुंबईत महिंद्रा अँड मोहम्मद कंपनी काढली. धंदा होता पोलादाचा. मग फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं.

भागीदार गेलेला, देश नुकताच स्वतंत्र झालेला आणि कंपनीला गाड्या बनवायचा अनुभव शून्य. अशा वेळी महिंद्रा बंधूंनी जीपवर पैसा लावला. पहिल्या खेपेत ७५ गाड्या सुट्या भागांत बोटीनं आल्या आणि माझगावात जोडल्या गेल्या. लालबाग-परळच्या गिरण्यांचे भोंगे वाजत होते, त्याच काळात त्यांच्या शेजारी भारताची जीप उभी राहत होती.

आता या गाडीत असं काय होतं? इंजिन तर होतंच, पण खरी गंमत खाली होती. चार चाकांना चार पाटे आणि चार हायड्रॉलिक शॉकअप. रूस यांनी त्याआधी स्टुडबेकरच्या मोटारींसाठी पुढच्या चाकांचं स्वतंत्र सस्पेन्शन तयार केलं होतं. पण युद्धातल्या जीपला साधे पाटेच होते. कारण पाटा वजन झेलतो आणि तुटला तर साध्या गॅरेजातही बदलता येतो.

पाटा धक्का घेतो, पण नंतर उसळतो. ती उसळी मारायचं काम शॉकअपचं. नळीत तेल असतं, दट्ट्या त्यातून वर-खाली होतो. तेल बारीक भोकांतून जाताना अडतं आणि धक्क्याची ताकद उष्णतेत बदलते. शॉकअप गेला की चाक रस्त्यावर टेकून राहत नाही. मग ब्रेक उशिरा लागतो आणि वळणावर गाडी हातातून सुटते. म्हणजे प्रश्न फक्त कंबरेचा नसतो, जिवाचा असतो.

जे. सी. १९५१ मध्ये वारले. त्यांच्यामागे के. सी. यांनी कंपनी पुढे नेली. नुसती जोडणी न करता टप्प्याटप्प्यानं गाडी इथेच बनवायचं काम कांदिवलीत सुरू झालं. १९५३ मध्ये शिक्षणासाठीचा ट्रस्टही उभा राहिला, तो आजही के. सी. महिंद्रा यांच्या नावानं चालतो. सुटे भाग बनवणारेही मुंबईत उभे राहत होते. १९६१ मध्ये गॅब्रिएल इंडिया सुरू झाली आणि मुलुंडच्या कारखान्यात शॉकअप बनू लागले. १९६३ मध्ये के. सी. गेले आणि मुलगा केशुब यांनी अध्यक्षपद घेतलं. तोवर पोलीस, लष्कर, वनखातं, सगळीकडे जीप पोहोचली होती.

२०२० च्या थारमध्ये पाटे गेले, कॉइल स्प्रिंग आल्या. शॉकअपचं काम मात्र तेच राहिलं. म्हणून निवडताना के. सी. यांचा हिशोब लावा.

गाडी दादर ते गिरगाव एवढीच फिरत असेल, तर कंपनीनं दिलेल्या मापाचे चांगले शॉकअप पुरतात. उगाच कडक घेतले तर प्रत्येक खड्डा अंगावर येतो. तासन्‌तास खडबडीत रस्त्यावर चालवणार असाल, तर तेल तापून फेसाळतं आणि शॉकअप ढिला पडतो. तिथं नायट्रोजन गॅस भरलेला शॉकअप जास्त टिकतो. गाडी उंच केली असेल तर लांबी नव्यानं मोजून घ्या. कायम सामान लादत असाल तर आधी स्प्रिंग बघा, कारण वजन शॉकअप उचलत नाही. आणि बदलायचे तर एका धुरीवरचे दोन्ही एकदम बदला.

ब्रँडचा नंबर सगळ्यात शेवटी येतो. महिंद्रा बंधूंनीही आधी देशातले रस्ते बघितले होते, गाडी त्यानंतर निवडली.