संत नामदेव : सकाम आर्ततेकडून प्रेमभक्तीकडे

मराठीत 'काम' हे दोन वेगळे शब्द आहेत. रोजच्या व्यवहारातील काम संस्कृत 'कर्म', प्राकृत 'कम्म' अशा वाटेने आपल्यापर्यंत आले. भक्तिशास्त्रातील काम मात्र इच्छा या अर्थाचा तत्सम शब्द आहे. या दुसऱ्या कामाचा, म्हणजे स्वतःसाठी काहीतरी हवे असण्याचा, भक्तीशी काय संबंध, हा जुना प्रश्न आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी असे चार भक्त सांगितले आहेत आणि काही मागायला आलेल्यालाही भक्तांच्या पंक्तीतून उठवलेले नाही. नारदभक्तिसूत्रात भक्ती ही कामनारूप नसते असे प्रतिपादन आहे. पण त्याच ग्रंथात पुढे काम, क्रोध आणि अभिमान हे विकारही ईश्वराकडेच वळवावेत असा उपदेश येतो. वरवर पाहता या दोन विधानांत विरोध दिसतो. तो कसा मिटतो, हे एखाद्या चरित्राच्या आधाराने पाहिले तर लवकर उमगते. या घटकात आपण त्यासाठी नामदेवांचे चरित्र निवडले आहे.

नामदेवांचा जन्म शके 1192 म्हणजे इ.स. 1270 मधला. जन्मस्थळाबाबत नरसी बामणी आणि पंढरपूर अशी दोन मते आहेत. वडील दामाशेटी, आई गोणाई, घराणे शिंप्याचे. बालपणीची नैवेद्याची कथा आपण सर्वांनी ऐकलेली असते. वडिलांच्या अनुपस्थितीत लहानगा नामा नैवेद्याचे ताट घेऊन देवळात जातो, देव जेवत नाही असे पाहून हट्ट धरतो आणि अखेर देवापुढे डोके आपटून घेण्यास सिद्ध होतो. परंपरेने या कथेत निरागसता पाहिली, आणि ती आहेच. परंतु तिच्यात आणखी एक सूर आहे, तो निसटू देऊ नये. हे प्रेम अट घालणारे आहे. देवाने आपल्यासाठी, आपल्या देखत, आपल्या हातचे जेवलेच पाहिजे, असा त्याचा आग्रह आहे. धन, संतती, आरोग्य यांतले नामदेवांना काहीच नको होते. त्यांना देवच हवा होता, आणि तो स्वतःचा म्हणून हवा होता. कामनेचे हे रूप ओळखणे सर्वांत अवघड, कारण ते भक्तीच्याच वेषात वावरते.

या आसक्तीची किंमत घराने मोजली. नामदेवांच्या गाथेत गोणाई आणि राजाई यांच्या मुखी घातलेले अभंग आहेत. त्यांत आईचा देवाशी भांडणारा त्रागा आहे, आणि संसाराकडे पाठ फिरवलेल्या नवऱ्याविषयी पत्नीची तक्रार आहे. घरात खाणारी तोंडे पुष्कळ; नारा, विठा, गोंदा, महादा हे पुत्र, लिंबाई ही कन्या, सुना, आश्रयाला आलेली जनाबाई. कित्येक अभ्यासक राजाईची तक्रार संसारी जीवाचे अज्ञान म्हणून बाजूला सारतात. प्रस्तुत लेखकाला ते पटत नाही. ज्या भक्तीत घरच्या माणसाची भूक दिसत नाही, तिच्यात स्वतःचे सुख शोधण्याचा अंश शिल्लक असतो, हे राजाईने तत्त्वज्ञान न शिकता जाणले होते.

पुढील प्रसंगांचा क्रम चरित्रकारांनी वेगवेगळा लावला आहे. येथे आपण भावाच्या वाढीचा क्रम धरला आहे. ज्ञानदेव नामदेवांना तीर्थयात्रेस चलण्याचा आग्रह करतात, हा 'तीर्थावळी'तील आरंभ. नामदेव कासावीस होतात. विटेवरचे रूप डोळ्यांआड होणार, ही कल्पनाच त्यांना सोसवत नाही. सर्वत्र भरलेल्या परमात्म्याला एका गावापुरता मानून त्याच्या विरहाने रडणारा हा थोर भक्त ज्ञानदेवांना प्रिय आहे आणि कोड्यात टाकणाराही आहे. वाटेत ज्ञानदेव त्यांना भजनाचे मर्म विचारतात. शिकवणारा आणि शिकणारा या भूमिका तेथे सतत बदलत राहतात. तीर्थावळी वाचताना हे अवश्य पाहावे.

गोरोबाकाकांच्या परीक्षेचा प्रसंग याहून कठोर आहे. संतांच्या मेळ्यात निवृत्ती, ज्ञानदेव आणि सोपान यांनी नामदेवांना नमस्कार केला; नामदेवांनी उलट नमस्कार केला नाही, कारण देवाच्या सलगीचा मान त्यांच्या डोक्यात भिनला होता. वयाने लहान असलेल्या मुक्ताबाईने ते हेरले. मग तेरच्या गोरा कुंभारांनी मडकी पारखण्याच्या थापटण्याने प्रत्येक संताचे डोके थापटून पाहिले. इतरांनी ते मुकाट्याने सोसले, नामदेव चिडले, आणि हेच मडके कच्चे असा निर्वाळा मिळाला. कुंभाराच्या पारखीत एक गोष्ट गृहीत असते. कच्च्या मडक्याची माती वाईट नसते, तिला फक्त भट्टीची आच लागायची राहिलेली असते.

दुखावलेले नामदेव विठ्ठलाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले, तर देवानेच त्यांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे धाडले. तेथे विसोबा शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी आक्षेप घेताच, देव नसेल अशा जागी माझे पाय ठेव, असे त्यांनी सांगितले. नामदेव पाय उचलून जिथे ठेवू लागले तिथे पिंडी दिसू लागली. आख्यायिका म्हणूनच ही कथा वाचावी. तिच्यातून परंपरेला काय सांगायचे आहे ते स्पष्ट आहे. येथे नामदेवांचे प्रेम नाहीसे झाले नाही. त्यांनी विठ्ठलाला सोडून निर्गुणाची उपासनाही धरली नाही. तीच व्याकुळता, तोच जिव्हाळा राहिला. फक्त त्याला घातलेले कुंपण गेले. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव या टप्प्यावरचे आहेत. नैवेद्याच्या कथेशेजारी ही कथा ठेवून पाहा. तिथे देवाने खावे असा हट्ट आहे, इथे भुकेल्याने कोरडे खाऊ नये अशी काळजी आहे.

या पालटाचा वाङ्मयीन पुरावाही मिळतो. इ.स. 1296 मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. 'आदी', 'तीर्थावळी' आणि 'समाधी' या प्रकरणांतून नामदेवांच्या नावाने जे ज्ञानदेवचरित्र उभे राहते, त्यातील समाधीचे अभंग शोकाने ओथंबलेले आहेत. मात्र या शोकात स्वतःसाठी मागणे नाही. स्वतःच्या विरहाचेच गाणारा कवी आता दुसऱ्याच्या जाण्याचा साक्षीदार होतो, आणि भोवतालच्या प्रत्येकाचे दुःख टिपतो. (गाथेत पुढील काळातील विष्णुदास नामा यांची रचना मिसळली असल्याने प्रत्येक अभंगाच्या कर्तृत्वाविषयी सावध राहिले पाहिजे, ही गोष्ट परीक्षेपुरती नव्हे तर कायमची लक्षात ठेवावी.)

इ.स. 1338 मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम कोसळून त्याखाली चोखामेळा आणि इतर मजूर गाडले गेले. नामदेव तेथे गेले, चोखोबांच्या अस्थी शोधून त्यांनी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. ज्याला हयातीत देवळात पाऊल ठेवू दिले गेले नाही, त्याच्यासाठी हे करणारा माणूस एकेकाळी देवाची सलगी आपल्यापुरती राखू पाहत होता.

नामदेवांनी उत्तरेतही दीर्घकाळ वास्तव्य केले. पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यातले घुमान हे त्याचे प्रमुख केंद्र. 2015 मध्ये 88 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले. इ.स. 1604 मध्ये संकलित झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांची 61 पदे आहेत. भाषेच्या अभ्यासकाला त्यांत मोठा आनंद मिळतो. पंढरीचा विठ्ठल 'बीठल' होऊन येतो, आणि त्याच पदसंग्रहात राम, गोविंद, करीम, रहीम ही नावेही प्रेमाने उच्चारली जातात. एका मूर्तीच्या दुराव्याने कासावीस होणाऱ्या माणसाचा हा शब्दसंग्रह आहे.

शके 1272, म्हणजे इ.स. 1350 मध्ये आषाढ वद्य त्रयोदशीस नामदेवांनी देह ठेवला. पंढरपूरच्या महाद्वारातील पायरी हे त्यांचे समाधिस्थान मानले जाते. देवाच्या शेजारी जागा मिळावी असे त्यांनी मागितले नाही. दर्शनाला येणाऱ्या संतांच्या पायांची धूळ अंगावर पडावी म्हणून ही जागा त्यांनी निवडली, असे वारकरी सांगतात. आणि तेच वारकरी आज त्या पायरीवर पाय ठेवत नाहीत. वाकून तिला हात लावतात आणि ती ओलांडून आत जातात.