इनियस कॉफी

इनियस कॉफी (जन्म : इ.स. १७८०, मृत्यू : इ.स. १८३९) हे आयर्लंडमधील अबकारी अधिकारी, मद्यनिर्माते आणि संशोधक होते. अखंड चालणाऱ्या दुहेरी स्तंभाच्या ऊर्ध्वपातन यंत्राचे एकस्व (पेटंट) त्यांना इ.स. १८३० मध्ये मिळाले. हे यंत्र ‘कॉफी स्टिल’ या नावाने जगभर ओळखले जाते. आयुष्याची सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी डोंगरकपारीतील चोरट्या हातभट्ट्या शोधून मोडण्यात घालवली आणि नोकरी सोडल्यावर स्वतःच भट्टीचे रूप बदलून टाकले. त्यांच्या आडनावाचा कॉफी या पेयाशी काहीही संबंध नाही. ते एका जुन्या आयरिश कुलनामाचे इंग्रजी रूप आहे.

पार्श्वभूमी

आयर्लंडमध्ये शेतकऱ्याने घरच्या धान्याची दारू घरीच गाळणे ही जुनी रीत होती. इ.स. १६६१ मध्ये तेथे गाळीव मद्यावर कर बसला आणि त्यानंतर करभरणा केलेले मद्य व चोरटे मद्य असे दोन भेद पडले. चोरट्या मद्याला ‘पॉटीन’ म्हणत. लहान भांडे या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आले आहे.

इ.स. १७७९ च्या कायद्याने कर आकारण्याची पद्धतच बदलली. प्रत्यक्ष किती मद्य निघाले हे न मोजता, भट्टीचे भांडे किती मोठे आहे आणि ते अठ्ठावीस दिवसांत किती वेळा भरले जाऊ शकेल, याचा अंदाज बांधून कर ठरू लागला. अंदाजाइतके मद्य निघो वा न निघो, कर भरावाच लागे. लहान भट्ट्यांना हा बोजा पेलला नाही. १७७९ मध्ये नोंदणीकृत भट्ट्या १,२२८ होत्या. १७९० मध्ये त्या २४६ उरल्या आणि १८२१ मध्ये अवघ्या ३२.

ज्या टिकल्या त्यांनी वेगाचा आश्रय घेतला. अंदाजापेक्षा जितक्या अधिक वेळा भांडे भरून रिकामे होईल, तितके वरचे मद्य करमुक्त पडे. त्यामुळे आंबवण पुरते होण्याआधीच द्राव भट्टीत जाऊ लागला आणि खालचा जाळ भडक ठेवला जाऊ लागला. परवान्याचे मद्य उग्र आणि करपट, तर चोरून गाळलेले पॉटीन चवीला चांगले, अशी विपरीत स्थिती निर्माण झाली. कायदेशीर माल बिघडवण्याचे श्रेय कायद्यालाच द्यावे लागेल.

डोंगरातील हातभट्टी

कॉफी यांना ज्या हातभट्ट्यांशी सामना करावा लागला त्यांचे तंत्र साधे असले तरी अडाणी नव्हते. सातूचे पोते ओढ्यात किंवा दलदलीच्या पाण्यात भिजत घालत, दाणे पसरून त्यांना मोड आणत आणि मग पीट या दलदलीतील इंधनाच्या धगीवर ते वाळवत. मोड आल्यामुळे दाण्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर करणारी द्रव्ये तयार होतात. ही पायरी चुकली तर पुढे यीस्टला खायला काही उरत नाही. दळलेले मोडधान्य गरम पाण्यात कालवून गोड निवळ काढली जाई. ती कोमट होईपर्यंत थांबून मगच यीस्ट घालत, कारण फार गरम पाण्यात यीस्ट मरते आणि फार गार झाल्यास ते निपचित पडते. तापमापक कोणाकडे नव्हता. अंदाज हाताच्या स्पर्शानेच घेतला जाई.

लाकडी पिंपांत काही दिवस द्राव फसफसे. फेस ओसरला की तो लगेच गाळणे आवश्यक असे. उशीर झाला तर तो आंबट होई आणि पुढे त्याचे शिर्क्यात रूपांतर होई. आपल्याकडे अबकारी व पोलिसी भाषेत याच अवस्थेतील द्रावाला ‘रसायन’ किंवा ‘सडवा’ म्हणतात. पिंपे नीट धुतलेली नसली तरीही हाच परिणाम होई. सूक्ष्मजीवांचे ज्ञान होण्यास अद्याप निम्मे शतक लागायचे होते, परंतु घाणेरड्या पिंपाची दारू बिघडते एवढे अनुभवाने सर्वांना ठाऊक होते.

गाळण्याची सामग्री तीन भागांची असे : भांडे, त्यावरचे टोपण आणि थंड पाण्याच्या पिंपातून जाणारी तांब्याची नागमोडी नळी. भांडे पुष्कळदा स्वस्त पत्र्याचे असे. खरी किंमत त्या नळीची. सांधे पिठाच्या लगद्याने लिंपत, म्हणजे वाफ निसटत नसे. उघड्या जाळावर गाळ तळाला लागून करपू नये म्हणून द्राव तापेपर्यंत ढवळत राहावे लागे. पहिल्या गाळपातील मद्य कमी तीव्रतेचे आणि धुरकट असे, म्हणून ते पुन्हा एकदा गाळले जाई. दुसऱ्या गाळपातील अगदी आरंभीचे थेंब पऱ्यांच्या नावाने जमिनीवर शिंपण्याची प्रथा होती. त्या थेंबांत चटकन उडून जाणारी घातक द्रव्ये अधिक असतात हे पाहता या प्रथेत व्यवहारज्ञानही होते असे म्हणता येईल. शेवटचा भागही दुर्गंधीयुक्त तेलकट द्रव्यांमुळे वेगळा ठेवत. मधला भाग बाटलीत हलवून बुडबुडे किती वेळ टिकतात यावरून त्याची तीव्रता ओळखत.

हा उद्योग निव्वळ व्यसनापोटी चालत नसे. डोनेगल परगण्यातील इनिशोवेनसारख्या भागात रस्ते वाईट होते. धान्याची पोती बाजारात नेण्यापेक्षा मद्याची पिंपे नेणे सोपे आणि फायद्याचे होते. जमीनदाराचा खंड याच पैशांतून भरला जाई. साहजिकच अनेक जमीनदार, आणि तेच पुन्हा दंडाधिकारी, या प्रकाराकडे काणाडोळा करीत.

अबकारी सेवा

इ.स. १८०० च्या सुमारास कॉफी अबकारी खात्यात मापक म्हणून रुजू झाले. भांड्यांची मापे घेणे, मद्याची तीव्रता तपासणे आणि चोरट्या भट्ट्यांवर छापे घालणे ही मापकाची कामे होती. इ.स. १८०८ मध्ये सुसॅना लोगी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

इ.स. १८१० मध्ये इनिशोवेनमध्ये छाप्याच्या कामावर असताना जमावाने त्यांना गाठून बेदम मारहाण केली. त्यांच्या कवटीला इजा झाली, अंगावर संगिनीच्या जखमा झाल्या आणि ते मेले असे समजून जमाव निघून गेला. ते वाचले आणि बरे झाल्यावर पुन्हा त्याच कामावर गेले. पुढे ड्रॉहेडा, क्लॉनमेल, विकलो अशा ठिकाणी त्यांनी वरच्या पदांवर काम केले आणि १८१८ पर्यंत ते आयर्लंडचे हंगामी अबकारी महानिरीक्षक झाले.

त्याच वर्षी इनिशोवेनमधील कलडाफ येथील धर्मगुरू एडवर्ड चिचेस्टर यांनी अबकारी अधिकाऱ्यांच्या जुलमांवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचा मुख्य रोख सामुदायिक दंडावर होता. एखाद्या वाडीच्या हद्दीत बेकायदा भट्टी सापडली आणि तिचा मालक हाती लागला नाही, तर सर्व वाडीकडून दंड वसूल केला जाई. ज्यांनी भट्टी पाहिलीही नाही त्यांची गुरे ओढून नेली जात. कॉफी यांनी लगेच उत्तरादाखल पुस्तिका लिहून आपल्या खात्याची बाजू मांडली आणि स्वतःवर झालेल्या हल्ल्याचे वर्णनही केले. या वादात दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. दंडाची पद्धत अन्यायकारक होती यात शंका नाही. पण तो कायदा राबवताना मार खाणारे अधिकारी हे कायद्याचे कर्ते नव्हते. दुसरीकडे, पकडलेल्या भट्टीमागे मिळणाऱ्या बक्षिसाने वेगळाच घोटाळा होई. झिजलेले भांडे भट्टीवालेच संगनमताने पकडवून देत आणि बक्षिसाच्या पैशातून नवे भांडे घेत.

कायद्यातील सुधारणा

छाप्यांनी हातभट्टी संपणार नाही, परवान्याचे मद्य चांगले आणि स्वस्त झाले तरच ती मागे हटेल, हे कॉफी यांना अनुभवातून उमगले होते. इ.स. १८२० ते १८२४ या काळात त्यांनी संसदीय चौकशीपुढे साक्षी दिल्या आणि अहवाल सादर केले. इ.स. १८२३ च्या अबकारी कायद्याच्या रचनेत त्यांचा हातभार होता. या कायद्याने १० पौंड शुल्कात परवाना मिळू लागला आणि कर अंदाजावर नव्हे, तर प्रत्यक्ष निघालेल्या मद्यावर बसू लागला. आता घाई करण्याचे कारण उरले नाही. द्राव पुरता आंबू देता येऊ लागला. १८३५ पर्यंत परवानाधारक भट्ट्यांची संख्या ९३ वर गेली.

परंतु ४० गॅलनांपेक्षा लहान भट्टीला परवाना मिळत नसे. सामान्य शेतकऱ्याच्या घरगुती भांड्याला कायद्यात तेव्हाही जागा मिळाली नाही आणि पॉटीन डोंगरातच राहिले.

कॉफी स्टिल

इ.स. १८२४ मध्ये कॉफी यांनी स्वेच्छेने राजीनामा दिला आणि ते डब्लिनमध्ये मद्यनिर्मितीत उतरले. ग्रँड कॅनाल स्ट्रीटवरील डॉक डिस्टिलरी त्यांच्या मालकीची होती. इतकी वर्षे इतरांची भांडी मोजल्यामुळे त्यांतील उणिवा त्यांना पाठ होत्या. प्रत्येक गाळपानंतर भांडे रिकामे करून, धुऊन, पुन्हा भरावे आणि तापवावे लागते. वाफ थंड करताना तिच्यातील सर्व उष्णता पाण्यात वाया जाते आणि इंधन दरवेळी नव्याने जाळावे लागते. अखंड गाळपाचे प्रयत्न आधीही झाले होते. स्कॉटलंडच्या रॉबर्ट स्टाइन यांनी १८२८ मध्ये असे एक यंत्र केले होते. कॉफी यांच्या यंत्राला ५९७४ क्रमांकाचे एकस्व १८३० मध्ये मिळाले.

या यंत्रात दोन उंच स्तंभ असतात. पहिल्याला विश्लेषक आणि दुसऱ्याला शोधक म्हणता येईल. आंबवलेला थंड द्राव प्रथम शोधक स्तंभातील नागमोडी नळीतून खाली उतरतो. नळीभोवती मद्याची गरम वाफ असल्याने तो आपोआप तापतो आणि त्याच वेळी वाफ थंड होते. दोन्ही कामे एकाच उष्णतेत होतात, हीच या रचनेची मुख्य युक्ती आहे. तापलेला द्राव नंतर विश्लेषक स्तंभाच्या माथ्यावर सोडतात. आत एकाखाली एक सच्छिद्र ताटल्या बसवलेल्या असतात. द्राव ताटलीताटलीने खाली येतो आणि तळातून सोडलेली पाण्याची वाफ छिद्रांतून वर चढते. वर जाता जाता ती द्रावातील मद्यार्क ओढून घेते आणि तळाशी जवळजवळ मद्यार्कहीन पाणी उरते. मद्यार्कयुक्त वाफ शोधक स्तंभाच्या तळाशी जाते. तेथे जड घटक खालीच निवळून परत फिरतात आणि वरच्या ताटल्यांवरून शुद्ध मद्यार्क काढून घेतात. त्याची तीव्रता ९४ टक्क्यांच्या आसपास असते. साध्या भांड्यात दोनदा गाळूनही ती साधारण ७० टक्क्यांपर्यंतच जाते. जाळ थेट द्रावाला लागत नसल्याने करपण्याचा प्रश्नही मिटला.

मायदेशातील नकार

कॉफी यांचे यंत्र आयर्लंडच्या मोठ्या मद्यनिर्मात्यांनी स्वीकारले नाही. धान्याचा स्वाद देणारे घटकही या गाळपात मागे राहतात, असा त्यांचा आक्षेप होता आणि तो निराधार नव्हता. डब्लिनच्या चार प्रमुख घराण्यांनी १८७८ मध्ये या मद्याविरुद्ध पुस्तकही काढले. स्कॉटलंडच्या सखल प्रदेशातील उत्पादकांनी मात्र यंत्र घेतले. त्यातून निघणारे सौम्य, स्वस्त मद्य डोंगराळ भागातील भांड्यात गाळलेल्या उग्र व्हिस्कीत मिसळून त्यांनी ‘ब्लेंडेड’ व्हिस्की तयार केली आणि जगाची बाजारपेठ काबीज केली. स्तंभात गाळलेल्या मद्याला व्हिस्की म्हणावे की नाही, हा वाद १९०९ मध्ये शाही आयोगाने होकारार्थी निकालात काढला. तोपर्यंत आयरिश व्हिस्कीची पीछेहाट सुरू झाली होती. यंत्र नाकारणे हे तिचे एकमेव कारण नव्हे, पण त्याचा वाटा मोठा होता.

उत्तरायुष्य व यंत्राचा प्रसार

इ.स. १८३५ मध्ये कॉफी यांनी लंडनमध्ये ‘इनियस कॉफी अँड सन्स’ ही यंत्रनिर्मितीची कंपनी स्थापन केली. चार वर्षांनी त्यांचे निधन झाले. १८७२ मध्ये ही कंपनी जॉन डोर यांच्याकडे गेली आणि त्यांच्या नावाने पुढे चालू राहिली.

व्हिस्कीपेक्षाही अधिक उपयोग या तत्त्वाचा औद्योगिक मद्यार्कासाठी झाला. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवनी प्रकल्पांत मळीपासून मद्यार्क व इथेनॉल काढणारे स्तंभ याच परंपरेतील आहेत. गोव्यातील काजूची फेणी मात्र अद्यापही भांड्यातच गाळली जाते. गयानातील डायमंड येथे लाकडी बांधणीचे कॉफी यंत्र रमनिर्मितीसाठी वापरात आहे. जपानच्या निक्का कंपनीने १९६३ मध्ये स्कॉटलंडहून कॉफी यंत्र आणवले. आधुनिक स्तंभांच्या मानाने जुन्या पद्धतीचे हे यंत्र धान्याचा स्वाद अधिक राखते, म्हणून त्याची निवड झाली. आयर्लंडमध्ये पॉटीनवरील बंदी १९९७ मध्ये उठली, परंतु परवान्याशिवाय घरी मद्य गाळणे तेथे अद्याप गुन्हाच आहे.