जंगलांचा वकील

विद्यार्थी मित्रांनो, वकील हा शब्द तुम्हांला चांगला ठाऊक आहे. तो मराठीत आहे, तसा उर्दूतही आहे. ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही, त्याची बाजू जो मांडतो तो वकील. पण झाडे, नद्या आणि डोंगर यांना तर बोलताच येत नाही. त्यांची बाजू कोणी मांडायची? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील एका वकिलाने हे काम अंगावर घेतले. त्यांचे नाव जॉर्ज पर्किन्स मार्श. या पाठात आपण त्यांची ओळख करून घेऊ.

जॉर्जचा जन्म १५ मार्च १८०१ रोजी व्हर्माँट राज्यातील वुडस्टॉक या गावी झाला. वडील वकील होते. घरात पुस्तके भरपूर होती. जॉर्जला लहानपणापासूनच वाचनाचे वेड होते. ज्ञानकोशाचे जाडजूड खंड समोर ठेवून तो तासन्‌तास वाचत बसे. त्याचा परिणाम वाईट झाला. सात-आठ वर्षांचा असतानाच त्याचे डोळे इतके बिघडले, की पुढे काही वर्षे त्याला वाचन बंद करावे लागले.

आता तुम्हांला वाटेल, की त्याचे शिक्षण थांबले असेल. पण तसे झाले नाही. दुसरे कोणी वाचून दाखवू लागले, की तो लक्ष देऊन ऐके आणि ऐकलेले लक्षात ठेवी. राहिलेला वेळ तो रानात घालवी. वडील त्याला घोडागाडीतून फिरायला नेत. वाटेत ते त्याला झाडांची नावे सांगत. डोंगराच्या कोणत्या बाजूचे पाणी कोणत्या नदीला मिळते, तेही दाखवत. घराजवळच्या माउंट टॉम या डोंगरावरची झाडी तेव्हा बरीचशी नाहीशी झाली होती. पाऊस पडला, की उघड्या डोंगरावरची माती वाहून जाई. हे सारे त्या मुलाच्या मनात खोल रुजले.

पुढे डोळे सुधारले. १८२० मध्ये मार्श डार्टमथ कॉलेजातून पदवीधर झाले. काही काळ त्यांनी शिक्षकाचे काम केले; पण ते त्यांना आवडले नाही. मग कायद्याचा अभ्यास करून १८२५ मध्ये त्यांनी बर्लिंग्टन या गावी वकिली सुरू केली. तेथेही त्यांचे मन पूर्णपणे रमले नाही. त्यांना अनेक विषयांची ओढ होती. त्यांतला पहिला विषय म्हणजे भाषा. त्यांना सुमारे वीस भाषा येत होत्या असे सांगतात. दूरच्या आइसलँड देशाची भाषा तर ते पुस्तकांवरूनच शिकले आणि १८३८ मध्ये तिचे व्याकरणही त्यांनी तयार केले. मित्रांनो, तुम्ही घरी उर्दू बोलता, शाळेत मराठी, हिंदी आणि इंग्रजी शिकता. नवी भाषा शिकताना किती मेहनत पडते, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको.

मार्श यांचे आयुष्य सुखाचे होते असे समजू नका. १८३३ साली त्यांची पत्नी व थोरला मुलगा या दोघांचे निधन झाले. पुढे १८३९ मध्ये त्यांनी कॅरोलाइन क्रेन यांच्याशी विवाह केला. व्यापारातही त्यांना यश आले नाही. त्यांनी मेंढ्या पाळल्या, लोकरीच्या गिरणीत आणि रेल्वेत पैसा घातला. तो बुडाला. डोक्यावर मोठे कर्ज झाले. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी व्हर्माँटमध्ये मेंढ्यांच्या कुरणांसाठीच मोठ्या प्रमाणावर जंगल तोडले जात होते. म्हणजे ज्या धंद्यांमुळे डोंगर उघडे पडत होते, त्यांत मार्श स्वतःही होते. त्यामुळे त्यांना या प्रश्नाची दुसरी बाजूही ठाऊक होती. झाड तोडणारा माणूस दुष्ट नसतो. तो पोटासाठी तोडतो आणि पुढे काय होणार हे त्याला माहीत नसते.

१८४३ ते १८४९ या काळात मार्श अमेरिकेच्या संसदेचे सदस्य होते. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन या ज्ञानसंस्थेच्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला. १८४७ मध्ये रटलंड येथे शेतकऱ्यांपुढे त्यांचे एक भाषण झाले. डोंगरावरची झाडे तोडली तर झरे आटतात, पूर येतात आणि शेताची माती वाहून जाते, हे त्यांनी त्या भाषणात समजावून सांगितले.

१८४९ मध्ये सरकारने त्यांना वकील म्हणून तुर्कस्तानात पाठवले. हा वकील मात्र कोर्टातला नव्हे. एका देशाने दुसऱ्या देशाच्या दरबारी पाठवलेल्या प्रतिनिधीलाही पूर्वी मराठीत वकीलच म्हणत. कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, ही तेव्हा उस्मानी सल्तनतीची राजधानी होती. तेथून मार्श यांनी इजिप्त, सिनाई आणि पॅलेस्टाइनचा लांब प्रवास केला. जुन्या काळी जेथे गजबजलेली शहरे व हिरवी शेते होती, तेथे अनेक ठिकाणी त्यांना उजाड डोंगर आणि गाळाने भरलेली बंदरे दिसली. आपल्या गावच्या डोंगराची त्यांना आठवण झाली. व्हर्माँटमध्ये जे पन्नास वर्षांत घडत होते, ते येथे हजारो वर्षांत घडले होते.

याच प्रवासात उंट हा प्राणी त्यांना फार आवडला. अमेरिकेतील कोरड्या प्रदेशात उंट उपयोगी पडेल, असे त्यांचे मत झाले. १८५६ मध्ये त्यांनी उंटावर एक पुस्तकच लिहिले. त्याच सुमारास अमेरिकेच्या लष्कराने टेक्सासमध्ये खरोखरच उंट आणले. उंटांनी काम चांगले केले; पण पुढे यादवी युद्ध सुरू झाले आणि तो प्रयोग मागे पडला.

परत आल्यावर राज्य सरकारने त्यांना एक काम दिले. नद्यांतील मासे कमी का झाले, याची चौकशी करायची होती. १८५७ च्या अहवालात मार्श यांनी मासेमारांनाच दोष दिला नाही. बंधारे, कारखान्यांची घाण आणि काठावरची जंगलतोड यांमुळे नदीच बदलली आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

१८६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी त्यांची इटलीत नेमणूक केली. मृत्यूपर्यंत म्हणजे सलग एकवीस वर्षे ते तेथे होते. दरबारी कामातून वेळ काढून त्यांनी आपला मोठा ग्रंथ लिहिला. ‘मॅन अँड नेचर’, म्हणजे ‘माणूस आणि निसर्ग’, हा ग्रंथ १८६४ मध्ये प्रसिद्ध झाला.

या ग्रंथातील मुख्य विचार तुम्हांला सहज समजेल. जंगलातील जमिनीवर पानांचा थर असतो. तो पावसाचे पाणी शोषून घेतो आणि हळूहळू जमिनीत सोडतो. मुळे माती धरून ठेवतात. जंगल गेले, की पाणी एकदम धावत खाली येते. पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात कोरडी नदी, अशी स्थिती होते. माती नदीत जाते, नदी गाळाने भरते आणि दूरच्या गावाचेही नुकसान होते. त्या वेळी पुष्कळ लोकांना वाटे, की पृथ्वी एवढी मोठी आहे, तिचे माणूस काय बिघडवणार? मार्श यांनी अनेक देशांतील पुरावे मांडून हा समज खोडून काढला. पण त्यांनी केवळ भीती घातली नाही. माणसाने बिघडवलेले माणूस सुधारूही शकतो, असे त्यांनी सांगितले. फ्रान्समध्ये समुद्रकाठच्या सरकत्या वाळूवर झाडे लावून ती थोपवली होती, हे उदाहरण त्यांनी दिले.

तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. स्वतः कर्जाने त्रासलेले असूनही मार्श यांनी या पुस्तकाचे हक्क जखमी सैनिकांची सेवा करणाऱ्या संस्थेला देऊन टाकले. पुढे त्यांच्या नातलगांनी ते हक्क विकत घेऊन त्यांना परत मिळवून दिले.

हे पुस्तक भारतातही पोहोचले. ज्या वर्षी ते निघाले, त्याच वर्षी, १८६४ मध्ये, इंग्रज सरकारने भारतात वनखाते सुरू केले. या खात्यातील अधिकारी ह्यू क्लेगहॉर्न यांनी हिमालयाच्या दौऱ्यात हे पुस्तक सोबत ठेवले होते. तसे त्यांनी मार्श यांना पत्राने कळवलेही. मात्र त्या सरकारने जंगले राखताना जंगलाजवळच्या गरीब लोकांचे जुने हक्क काढून घेतले. १८७८ च्या कायद्याने तर हे हक्क फारच कमी झाले. जंगलही राहावे आणि माणसांवर अन्यायही होऊ नये, हा प्रश्न तेव्हापासून आपल्यापुढे आहे.

म्हातारपणीही मार्श यांची जिज्ञासा कमी झाली नाही. वॉशिंग्टन स्मारकाचे काम अडले होते. मार्श यांनी रोममधील प्राचीन इजिप्शियन स्तंभांचा अभ्यास करून सल्ला दिला, की उंची पायाच्या रुंदीच्या दहापट असावी. त्यानुसार ५५ फूट रुंदीच्या पायावर ५५५ फूट उंचीचा स्तंभ उभा राहिला. तो १८८४ मध्ये पुरा झाला. मार्श यांना मात्र तो पाहता आला नाही.

२३ जुलै १८८२ रोजी इटलीतील वालोम्ब्रोसा येथे त्यांचे निधन झाले. हे ठिकाण दाट जंगलात आहे आणि तेथे वनविद्येची शाळा होती. त्यांना रोममध्ये दफन करण्यात आले. कॅरोलाइन यांनी पुढे पतीचे चरित्र लिहिले. १८८५ मध्ये न्यू यॉर्क राज्याने अ‍ॅडिरोंडॅक डोंगरातील जंगल राखीव केले. मार्श यांनी ही सूचना वीस वर्षे आधीच केली होती. त्यांच्या लहानपणी उघडा पडलेला माउंट टॉमही पुन्हा झाडांनी झाकला गेला. वुडस्टॉकचे त्यांचे घर आणि ते रान आता राष्ट्रीय उद्यान आहे.

मित्रांनो, पुढच्या पावसात आपल्या गावाजवळचा ओढा जरूर पाहा. पाणी स्वच्छ आहे की लाल मातीचे? लाल असेल तर ती माती कोणत्या टेकडीवरून आली, याचा शोध घ्या. आठ वर्षांच्या जॉर्जने हेच केले होते, आणि त्याचे डोळे तर तेव्हा अधूच होते.