चेहऱ्यांचे कारागीर : सर हॅरल्ड गिलीज

गणेशोत्सवात प्लास्टिक सर्जरीचा विषय निघाला की कोणीतरी गजाननाच्या मस्तकाची कथा काढतोच. ती कथा श्रद्धेच्या जागी राहू द्यावी असे आम्हांला वाटते, कारण सांगण्यासारखी घडलेली गोष्ट आपल्याकडे आहेच. १७९४ साली, म्हणजे महादजी शिंदे वानवडीला वारले त्याच वर्षी, लंडनच्या एका मासिकात पुण्याकडची हकीकत छापून आली. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा टिपूच्या कैदेत सापडला आणि तिथे त्याचे नाक व एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही हकीकत वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला तशीच शस्त्रक्रिया केली. त्यानंतर शंभर वर्षांनी, पहिल्या महायुद्धात, ही हिंदुस्थानी पद्धत ज्यांच्या हाती पडली आणि कितीतरी पुढे गेली, ते सर हॅरल्ड गिलीज. त्यांच्या युद्धातल्या कामाबद्दल पुष्कळ लिहिले जाते. दुभंगलेल्या टाळूच्या मुलांसाठी त्यांनी काय विचार केला हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

गिलीज यांचा जन्म १७ जून १८८२ रोजी न्यूझीलंडमधील डनेडिन गावी झाला. आठ भावंडांत ते धाकटे. चार वर्षांचे असतानाच वडील गेले. लहानपणी कोपराला झालेली दुखापत कायमची राहिली आणि हात नीट सरळ होईना; तरी क्रिकेट, होड्यांच्या शर्यती, गोल्फ यांपैकी काहीही त्यांनी सोडले नाही. केंब्रिजकडून १९०४ ची प्रसिद्ध नौकाशर्यत ते वल्हवले आणि पुढे गोल्फमध्ये इंग्लंडकडून खेळले. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिकून ते कान-नाक-घशाचे डॉक्टर झाले. युद्ध झाले नसते तर बहुधा सुखवस्तू डॉक्टर आणि उत्तम गोल्फपटू एवढीच त्यांची ओळख राहिली असती.

१९१५ मध्ये ते फ्रान्सला गेले. तिथे वालादिए नावाचा एक दंतवैद्य तोफगोळ्यांनी फुटलेले जबडे जुळवत होता आणि पॅरिसमध्ये मोरेस्तँ हे सर्जन चेहऱ्यांवर काम करत होते. ते पाहून गिलीज परतले आणि लष्कराच्या मागे लागून त्यांनी १९१६ मध्ये आल्डरशॉटला चेहऱ्याच्या जखमींसाठी वेगळा वॉर्ड मिळवला. सॉमच्या लढाईनंतर दोनशे जखमी येतील असा अंदाज होता; आले सुमारे दोन हजार. जागा पुरेना म्हणून १९१७ मध्ये सिडकपला क्वीन्स हॉस्पिटल उघडले. तिथे पाच हजारांहून अधिक माणसांवर अकरा हजारांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. वॉर्डात आरसे ठेवत नसत. गावाच्या रस्त्यावर काही बाकांना निळा रंग दिला होता, म्हणजे तिथे बसलेला माणूस कसा दिसेल याची येणाऱ्या-जाणाऱ्याला आधीच कल्पना यावी. हेन्री टाँक्स हे चित्रकार मुळात सर्जन होते. ते रुग्णांचे चेहरे रंगीत खडूने काढून ठेवत.

सिडकपचे यश सांगताना एक अपयशही सांगायला हवे. भाजलेल्या एका वैमानिकाच्या चेहऱ्यावर गिलीज यांनी एकाच वेळी फार मोठे कलम लावले. ते कुजले आणि तो तरुण १९१८ मध्ये दगावला. यानंतर गिलीज यांनी कामाचे लहान लहान टप्पे करायला सुरुवात केली. जे काम प्रामाणिकपणे उद्यावर ढकलता येते ते आज करू नये, असे ते शिष्यांना बजावत. आम्ही सरकारी नोकर असल्यामुळे हे वाक्य वाचून आधी हसलो. पण त्यात आळस नव्हता. त्याआधी, ऑक्टोबर १९१७ मध्ये, जटलंडच्या आरमारी लढाईत भाजलेल्या एका नाविकावर काम करताना कातडीच्या पट्टीच्या कडा आत वळताना त्यांना दिसल्या. त्यांनी त्या शिवून नळीच केली. रक्तपुरवठा टिकला आणि जंतूंना शिरायला उघडी जागा उरली नाही. ओडेसाच्या फिलातोव यांनाही हे स्वतंत्रपणे सुचले होते.

सिडकपला गिलीज यांच्या जोडीला विल्यम केल्सी फ्राय हे दंतवैद्य होते. मांस-कातडी गिलीज यांनी पाहायची, हाडे-दात फ्राय यांनी, अशी वाटणी होती. युद्ध संपल्यावर हे दोघे दुभंगलेल्या टाळूकडे वळले. इथे टाळू म्हणजे तोंडातली. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर तेल थापतो ती नव्हे. गर्भात वरचा ओठ साधारण सातव्या आठवड्यापर्यंत आणि टाळू बाराव्यापर्यंत जुळते. न जुळल्यास फट राहते. ग्रहणात आईने विळीवर भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ तुटला, असे आपल्याकडे अजूनही बोलले जाते. यात आईचा काडीइतका दोष नाही, हे आम्ही औषध देण्याच्या खिडकीतून वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत.

तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे मुलाची संपूर्ण टाळू शिवून बंद केली की काम झाले. अशी मुले मोठी झाल्यावर काय दिसते, याकडे गिलीज आणि फ्राय यांनी पाहिले. टाळू आखूड राहून घशाला टेकत नाही, म्हणून बोलणे नाकातून येते. आणि वरचा जबडा चिंचोळा राहतो. १९२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोघांनी नवा मार्ग मांडला. बोलण्यासाठी मागची मऊ टाळू महत्त्वाची, ती जोडून मागे सरकवावी. पुढची कठीण, हाडाची टाळू ओढूनताणून शिवू नये. ती फट दंतवैद्याने बसवलेल्या तबकडीने झाकावी.

मूल वाढत असते तेव्हा वरचा जबडा सांध्यांपाशी नवे हाड घालत पुढे, खाली आणि रुंद होत जातो. टाळू शिवण्यासाठी हाडावरचे आवरण सोडवून मध्याकडे ओढावे लागते, त्यामुळे दातांच्या कडेने हाड उघडे पडते. ते भरून येते ते व्रणाच्या ऊतीने. व्रण आकसतो, हाडाला आणि दातांना धरून ठेवतो. कपड्याला घट्ट शिवण पडली की पुढे ते अंगाला आवळते, तसेच काहीसे. पाच-सहा वर्षांच्या वयात वरचे दात खालच्या दातांच्या आत जाऊ लागतात. वयात येताना खालचा जबडा वाढतो, वरचा मागेच राहतो आणि चेहरा मध्ये खोलगट दिसतो. शिकागोच्या थॉमस ग्रेबर यांनी १९४९ मध्ये मोजमापे घेऊन हे दाखवले. पुढे मेक्सिकोत कधीच शस्त्रक्रिया न झालेली प्रौढ माणसे तपासली तेव्हा त्यांचे जबडे बऱ्यापैकी वाढलेले आढळले. बोलणे मात्र अस्पष्ट.

पेच इथेच आहे. टाळू लवकर शिवावी तर बोलणे सुधारते आणि हाडाची वाढ अडते. उशिरा शिवावी तर हाड वाढते आणि बोलणे बिघडते. गिलीज आणि फ्राय यांची तबकडी फार टिकली नाही. जबडा वाढेल तशी ती बदलावी लागे आणि जन्मभर वापरावी लागे. उलट त्यांचेच सहकारी किलनर आणि दुसरीकडे वॉर्डिल यांनी १९३७ च्या सुमारास संपूर्ण टाळू मागे ढकलून शिवण्याची पद्धत रूढ केली. तीत बरेच हाड उघडे पडते, म्हणून जबडा खुंटवण्याचा ठपका पुढे तिच्यावरच आला. आमच्या मते १९२१ चा उपाय चुकला असेल, पण प्रश्न बरोबर विचारला होता.

आज साधारणपणे ओठ तीन ते सहा महिन्यांत शिवतात आणि टाळू नऊ ते अठरा महिन्यांत, उघडे हाड शक्य तितके कमी ठेवून. हिरडीच्या फटीत हाड भरतात ते सुळे येण्याआधी, आठ ते अकराव्या वर्षी. आणि जबडा मागे राहिलाच तर वाढ संपल्यावर तो पुढे आणतात. म्हणजे हे काम सोळा-अठरा वर्षांचे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत हा दोष येतो आणि उपचार मोफत होतात. पण ओठ जुळून मूल गोड दिसू लागले की बरीच कुटुंबे पुन्हा येतच नाहीत. लग्नाच्या वयात मुलीचा चेहरा खोलगट दिसतो तेव्हा मग धावाधाव. दुभंगाची नोंद कशी करावी याची एक सुटसुटीत पद्धत नागपूरच्या डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९७५ मध्ये दिली. ती नागपूर वर्गीकरण म्हणून ओळखली जाते.

गिलीज यांनी हा विषय सोडला नाही. १९३२ मध्ये किलनर यांच्यासोबत त्यांनी लिहिले ते आधी शिवलेल्या ओठांमध्ये पुढे राहून जाणाऱ्या व्यंगांवर. दुसऱ्याने घाईत केलेले काम उसवून पुन्हा करणे हा त्यांच्या दिवसाचा मोठा भाग होता. खोलगट चेहऱ्यावर ते ओठाच्या आत कातडी लावून खाच करत आणि तीत दंतवैद्याची तबकडी बसवून ओठ पुढे आणत. जन्मतः कवटीचे व्यंग असलेल्या एका रुग्णाच्या चेहऱ्याचा मधला हाडांचा भागच कापून त्यांनी पुढे आणला. ते वृत्त १९५० मध्ये हॅरिसन यांच्याबरोबर छापले. हे धाडस त्यांनी पुन्हा सहसा केले नाही. पुढे पॅरिसच्या पॉल टेसिए यांनी त्याचे शास्त्र केले.

१९३० मध्ये ते सर झाले. त्याच सुमारास नात्यातले आर्चिबाल्ड मॅकिन्डो यांना त्यांनी हाताशी घेतले. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या वैमानिकांसाठी मॅकिन्डो यांचे नाव झाले. गिलीज स्वतः त्या काळात बेझिंगस्टोकजवळ रुक्सडाउन हाउसमध्ये काम करत. चित्रे काढणे, वेष पालटून लोकांच्या खोड्या काढणे आणि गोल्फचा चेंडू भलत्याच उंच टेकूवर ठेवून जुन्या मंडळींना चिडवणे हे सोबत चालूच असे. १९५७ मध्ये राल्फ मिलार्ड या अमेरिकन शिष्याबरोबर त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. दुभंगलेल्या ओठाचा एक भाग फिरवून दुसरा पुढे सरकवण्याची, आज जगभर वापरात असलेली पद्धत याच मिलार्ड यांची.

ऑगस्ट १९६० मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, एका अठरा वर्षांच्या मुलीच्या जखमी पायावर शस्त्रक्रिया करत असताना त्यांना मेंदूचा झटका आला. १० सप्टेंबरला लंडनमध्ये ते वारले.