ट्रामची घंटा आणि कुलाब्याची सुई

दादर टी. टी. हे नाव परळ-लालबागच्या रहिवाशांच्या तोंडी इतके रुळले आहे, की ती दोन अक्षरे ट्रामच्या अखेरच्या थांब्याची आहेत याचा विसर पडावा. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला गेलेल्या गाडीबरोबर मुंबईची ट्राम संपली. तिची घंटा ऐकत वाढलेल्यांना तिच्याविषयी जिव्हाळा वाटला, आणि तो रास्तच होता. परंतु याच विजेच्या ट्रामची धास्ती घेऊन आपले सारे बिऱ्हाड समुद्रापलीकडे नेणारा एक सरकारी अधिकारी या शहरात होऊन गेला. त्याचे नाव नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस.

मूस यांचा जन्म १८५९ च्या ऑक्टोबरातला. अभियांत्रिकीचे शिक्षण, मग एडिंबरोची विज्ञानाची पदवी, पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे अध्यापन, असा त्यांचा प्रवास झाला. १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक झाले. त्याच वर्षी मुंबईत प्लेग शिरला. शहर ओस पडू लागले, परळच्या जुन्या राजभवनात पुढे हाफकिन यांची प्रयोगशाळा आली. पण कुलाब्यातील नोंदींचे काम थांबण्याजोगे नव्हते. नोंदीत पडलेली खिंड मागाहून बुजविता येत नाही.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली. पाऊस, वारा आणि वायुभार यांच्या जोडीला पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी तेथे १८४१ पासून चालू होती. पुढे टिळकांचे गुरू म्हणून नावाजलेले केरो नाना छत्रे कोवळ्या वयात याच ठिकाणी निरीक्षणे घेत होते. सप्टेंबर १८५९ मध्ये, म्हणजे मूस यांच्या जन्मापूर्वी जेमतेम दोन महिने, सूर्यावरील प्रचंड उद्रेकामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळ झाले. कुलाब्याच्या निरीक्षकांनी ते डोळ्यांनी पाहून हातांनी टिपले. छायाचित्रांच्या साह्याने नोंद करणारी यंत्रे १८७२ मध्ये आली, त्याआधीची ही गोष्ट. या वेतनदार माणसांची नावे कोणी उच्चारत नाही, हा आपल्या इतिहासलेखनाचा जुना दोष आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी घोड्यांच्या ट्राम काढून विजेच्या आणण्याचे घाटू लागले. रुळांतून जमिनीत झिरपणारा विद्युतप्रवाह स्वतःचे चुंबकक्षेत्र निर्माण करतो, आणि कुलाब्याच्या नाजूक सुया मग पृथ्वीचे नव्हे, ट्रामचे चुंबकत्व मोजू लागतात. मूस यांच्यापुढे दोन सोपे मार्ग होते. शहराच्या सोयीविरुद्ध हाकाटी करावी, अथवा निवृत्तीपर्यंत बिघडलेले आकडे निमूटपणे भरत राहावे. दोन्ही मार्गांचे प्रवासी सरकारी खात्यांत तेव्हाही होते, आजही आहेत. मूस यांनी तिसरा मार्ग धरला. मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटरवर, खाडीपलीकडे अलिबाग येथे त्यांनी नवी चुंबकीय वेधशाळा उभी केली. तेथील इमारतींच्या बांधकामात लोखंड वर्ज्य होते.

त्यांची खरी दूरदृष्टी मात्र जागेच्या निवडीपेक्षा पुढच्या कामात दिसते. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी केली गेली. त्यामुळे दोन जागांतील फरक नेमका कळला आणि जुनी मालिका नव्या मालिकेला सांधता आली. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली, तेव्हा सांधा पक्का झालेला होता. लोकांना ट्राम मिळाली आणि विज्ञानाचे काही गेले नाही. १८४६ पासून १९०५ पर्यंतच्या चुंबकीय नोंदींचे विवेचन करणारा त्यांचा ग्रंथ १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. साठ वर्षांचे आकडे पुन्हा तपासून मांडण्याच्या या कामात ना प्रसिद्धी होती, ना बढती. मूस १९३६ मध्ये निवर्तले.

२००३ मध्ये भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनी १८५९ च्या त्या वादळाचे मोजमाप करावयाचे ठरविले, तेव्हा कुलाब्याच्या जुन्या नोंदींनीच त्यांना आधार दिला. क्षैतिज चुंबकबलात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट त्यांत नोंदलेली होती. तसे वादळ आज झाले, तर वीजवाहिन्या आणि उपग्रह यांचे काय होईल, याचे अंदाज बांधताना जगभर या आकड्याचा हवाला दिला जातो.

पावसाच्या बाबतीत परळकरांना हे निराळे समजावून सांगावयास नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्यात जेमतेम ७३. दोहोंच्या मधोमध राहणाऱ्या माणसाने हिंदमाताच्या पाण्यात उभे राहून कोणता आकडा आपला मानावा? त्या आपत्तीनंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापके बसविली, हे योग्यच झाले. पण अशी यंत्रे जागेवरून हलविण्याची वेळ येते, शेजारी इमारत उठते, नवे उपकरण जुन्याची जागा घेते. अशा वेळी दोन्ही उपकरणे काही काळ शेजारी-शेजारी चालवून पाहण्याची तसदी कोणी घेतो काय, हे विचारण्याचा अधिकार परळच्या करदात्याला आहे. अलिबागची सुई आजही नोंद देत आहे.