मूर्तीच्या तळाशी कोरलेली सही: नाझींना खुपलेली नन आणि तिची 'हुमेल' मुलं

एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बॅग, गुबगुबीत गाल आणि पायात जाडजूड बूट. वीतभर उंचीची अशी एखादी मातीची मूर्ती तुम्ही कुठल्यातरी इंग्रजी सिनेमातल्या आजीच्या शोकेसमध्ये किंवा रील्समध्ये बघितली असेल. जगभर या मूर्तींना 'हुमेल' म्हणतात.

या मूर्तींचे संग्राहक मूर्ती हातात घेतली की चेहरा बघत नाहीत. ते ती आधी उलटी करतात. तळाशी दोन गोष्टी असतात, एक कोरलेली सही आणि एक छापलेला शिक्का. सही आहे 'एम. आय. हुमेल' अशी.

ही सही एका ननची आहे. ती अवघी 37 वर्षं जगली. तिच्या चित्रांवर नाझींनी बंदी घातली. तिच्या नावाने मोठा धंदा उभा राहिला, पण तिने स्वतः गरिबीचं व्रत घेतलं होतं.

दुकानदाराची मुलगी बेर्टा

21 मे 1909 रोजी जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातल्या मासिंग या छोट्या गावात बेर्टा हुमेलचा जन्म झाला. सहा भावंडांमधली ती तिसरी. वडील अडॉल्फ यांना चित्रकार व्हायचं होतं, पण घरचं दुकान सांभाळण्यात ते राहून गेलं. मुलीचा हात चित्रात चालतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी तिला अडवलं नाही.

पहिल्या महायुद्धात वडिलांना सैन्यात जावं लागलं. घरी राहिलेली बेर्टा कागदाच्या चिटोऱ्यांवर चित्रं काढत राहिली. पुढे बाराव्या वर्षी ती ननच्या बोर्डिंग शाळेत गेली आणि 1927 मध्ये म्युनिकच्या उपयोजित कलेच्या महाविद्यालयात. तिथे तिच्यासोबत झिसेनच्या मठातल्या दोन नन शिकत होत्या. त्यांच्याशी तिची घट्ट मैत्री झाली.

1931 मध्ये तिने पदवी घेतली. आता ही पोरगी चित्रकार म्हणून नाव काढणार, असं वाटत असतानाच ती झिसेनच्या फ्रान्सिस्कन मठात दाखल झाली. 1934 मध्ये तिने व्रतं घेतली आणि बेर्टाची 'सिस्टर मारिया इनोसेन्शिया' झाली. सहीतली एम आणि आय ही अक्षरं या नव्या नावाची.

गोबेल, पण 'गोबेल्स' नव्हे

मठाने तिची कला बंद केली नाही. ती जवळच्या शाळेत चित्रकला शिकवायची आणि मोकळ्या वेळात मुलांची चित्रं काढायची. झाडावर चढलेली, कोंबड्यांच्या मागे धावणारी, रडवेली, खोडकर मुलं. या चित्रांची पोस्टकार्डं छापली गेली आणि लोकांना ती आवडली.

अशीच काही कार्डं फ्रान्झ गोबेल यांच्या नजरेला पडली. हे नाव वाचून तुम्हाला 'गोबेल्स तंत्र' आठवलं असेल. पण हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स वेगळा आणि हे गोबेल वेगळे. कोबुर्ग शहराजवळच्या ओस्लाऊ गावात (आताचं रोडेन्टाल) त्यांच्या घराण्याचा चिनी मातीच्या वस्तूंचा कारखाना होता, 1871 पासूनचा.

या चित्रांच्या मूर्ती करायच्या, असं फ्रान्झ यांनी ठरवलं. मठाने होकार दिला, पण अटी घालून. प्रत्येक नमुना सिस्टरने बघून मंजूर करायचा. मूर्तीवर तिची सही असायची. आणि विक्रीतला वाटा मठाला द्यायचा.

कारखान्यातले आर्थर म्योलर आणि राइनहोल्ड उंगर हे शिल्पकार कामाला लागले. कागदावरच्या मुलाला पाठ नसते, ती त्यांना घडवावी लागली. नमुना पसंत पडला की साचा, मग भट्टी आणि शेवटी हाताने रंगकाम. मार्च 1935 मध्ये लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत या मूर्ती पहिल्यांदा मांडल्या गेल्या आणि अमेरिकेतल्या खरेदीदारांनीही त्या उचलल्या.

मुलं 'बावळट' दिसतात म्हणून बंदी

तोवर जर्मनीत हिटलरची सत्ता येऊन दोन वर्षं झाली होती. नाझींना हवं होतं ते जर्मन मूल कणखर, शिस्तीचं, उद्याचा सैनिक शोभेल असं. हुमेलची मुलं मात्र मोठ्या डोक्याची, फाटक्या मोज्यांची आणि स्वतःच्याच नादात रमलेली.

मार्च 1937 मध्ये नाझींच्या निमलष्करी दलाच्या वृत्तपत्राने तिच्यावर जाहीर टीका केली. जर्मन मुलांना बिनडोक आणि नेभळट दाखवणाऱ्या चित्रकाराला देशात जागा नाही, असा त्या टीकेचा सूर होता. पुढे तिच्या कलेच्या जर्मनीतल्या वितरणावर बंदी आली. चित्रं काढायला मात्र मनाई नव्हती. कारण उघड होतं. परदेशात माल खपत होता आणि त्यातून पैसा येत होता.

1940 मध्ये सरकारने मठाची शाळा बंद केली आणि मग मठच ताब्यात घेतला. बहुतेक नननना बाहेर पडावं लागलं. सिस्टर इनोसेन्शियाही घरी गेली, पण तिचं मन रमेना. तीन महिन्यांत परवानगी मागून ती परत आली. तेव्हा मठात फक्त 40 नन उरल्या होत्या. तळघरातली एक छोटी खोली तिला मिळाली. तीच झोपायची जागा आणि तोच स्टुडिओ.

मठात ऊब नव्हती, जेवणाची ओढाताण होती. तिच्या कामातून येणाऱ्या पैशातला अर्धा वाटा सरकार घ्यायचं. ज्यांना तिची चित्रं देशात नको होती, त्यांना तिची कमाई मात्र चालत होती. उरलेल्या अर्ध्यावर मठातल्या बायका जगत होत्या. ती काढत राहिली त्यामागे हेही एक कारण होतं.

1944 मध्ये तिला क्षयरोगाचं निदान झालं. सॅनेटोरियममध्ये उपचार झाले, युद्ध संपलं, ती मठात परतली. पण तब्येत सावरली नाही. 6 नोव्हेंबर 1946 रोजी तिचं निधन झालं. मठाच्या दफनभूमीतच तिला पुरलं.

शिक्क्यात मावलेला जर्मनीचा इतिहास

खरी लाट आली ती तिच्या माघारी. जर्मनीत तैनात असलेले अमेरिकन सैनिक घरी जाताना आई-बायकोसाठी या मूर्ती घेऊन जाऊ लागले. एकच नमुना पुढे अनेक वर्षं बनत राहिला, त्यामुळे 1938 ची आणि 1978 ची मूर्ती वरून बरीचशी सारखी दिसू शकते. फरक कळतो तो तळाच्या शिक्क्यावरून.

• सुरुवातीच्या मूर्तींवर मुकुट आणि त्याखाली एकमेकांत गुंतलेली 'डब्ल्यू' आणि 'जी' ही अक्षरं असतात.

• युद्धानंतरच्या काही मूर्तींवर 'यू. एस. झोन, जर्मनी' असं लिहिलेलं सापडतं. तो भाग तेव्हा अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता.

• 1950 च्या सुमारास मधमाशी आली. जर्मन भाषेत 'हुमेल' म्हणजे भुंग्यासारखी गुबगुबीत माशी. सिस्टरच्या आठवणीत कंपनीने 'व्ही' अक्षराच्या आत उडणारी माशी आपल्या शिक्क्यात घेतली. पुढच्या काही वर्षांत ती लहान होत गेली आणि मग नुसता ठिपका व दोन त्रिकोणी पंख उरले.

• 1979 मध्ये माशी शिक्क्यातून काढून टाकली. संग्राहक याला 'हरवलेली माशी' म्हणतात.

• 1990 मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या. त्यानंतरच्या शिक्क्यात 'पश्चिम' हा शब्द उरला नाही, फक्त 'जर्मनी' राहिलं. 2000 मध्ये माशी परत आली.

शिक्के असे बदलत गेले, सही मात्र तीच राहिली. या मूर्तींच्या भरपूर नकला निघाल्या, त्यामुळे अस्सल मूर्ती ओळखताना आजही आधी ही सही शोधतात.

मग आज काय?

1970 च्या दशकात अमेरिकेत हुमेल जमवण्याचं वेड शिगेला पोहोचलं होतं. 1977 मध्ये गोबेल कंपनीने संग्राहकांचा क्लबही काढला. ही गुंतवणूक आहे, पुढे सोन्यासारखा भाव येईल, असं अनेकांना वाटलं. तसं झालं नाही. जमवणारी पिढी थकली, नातवंडांना शोकेस नको होतं, आणि ऑनलाइन बाजारात मूर्तींचे ढीग आले. मुकुटाच्या शिक्क्याच्या काही दुर्मिळ मूर्ती सोडल्या तर बाकीच्या आज स्वस्तात मिळतात. 2008 मध्ये गोबेलने हुमेलचं उत्पादन थांबवलं. नंतर त्याच गावात दुसऱ्या कंपनीने ते पुन्हा सुरू केलं.

भाव चढला आणि उतरला, पण सिस्टर इनोसेन्शियाला त्यातलं काहीच बघायला मिळालं नाही. मुकुटाच्या शिक्क्याचा काळ तिने बघितला. माशी आली ती तिच्या मृत्यूनंतर.

कधी अशी मूर्ती तुमच्या हातात आली, तर तीही उलटी करून बघा. शिक्का सांगेल ती कोणत्या काळातली आहे. आणि सहीखालचं मोठ्या डोक्याचं, फाटक्या मोज्याचं मूल ज्यांना खुपलं होतं, त्यांची राजवट ते मूल काढणाऱ्या ननच्या आधी दीड वर्ष संपली होती, हेही लक्षात असू द्या.